हिमाचल वेटिंगवर, पुणे कन्फर्म

तर झालं असं की आमचं हिमाचल ठरलं होतं. सफरचंदाच्या बागा, थंडी, लाल-पिवळी पानं, सगळं. मी रजा टाकली, नवऱ्याने टाकली, लेकीच्या शाळेत चिठ्ठी गेली, आणि मिरजेहून माझी आत्या दोन बॅगा, एक मफलर आणि लोणच्याची बरणी घेऊन दोन दिवस आधीच येऊन दाखल झाली. छत्तीस वर्षं भूगोल शिकवून रिटायर झालेली बाई, नकाशावर शेकडो वेळा दाखवलेला हिमालय तिला एकदा डोळ्यांनी बघायचा होता. आणि तिकीट काही केल्या वेटिंगच्या पुढे सरकेना. चार्ट लागला तेव्हा आम्ही सात, आठ, नऊ, दहा. म्हणजे पार उंबऱ्यापर्यंत नेऊन दार लावलं.

नवरा म्हणाला रजा कॅन्सल करून टाकू. शेजारच्या काकू म्हणाल्या, पितृपक्षात कुठे निघाला होतात, बरंच झालं. आत्या मात्र मफलरची घडी करत म्हणाली, "रजा घेतलीय ना? मग ट्रिप होणार की. पुण्यात काय बघायला नाही व्हय?" मग तिनेच नियम ठरवले. रोज घराबाहेर पडायचं, रोज काहीतरी नवीन कळलं पाहिजे, आणि रात्री ते मी लिहून काढायचं. म्हणून हे.

लेकीचं तोंड मात्र एवढंसं झालेलं. तिला पानं बघायची होती. तिच्या पुस्तकात ऑटमच्या धड्याला लाल पानांचं चित्र आहे आणि खाली लिहिलंय, ऑटम म्हणजे शरद ऋतू. ते ऐकून आत्या जी उसळली! "शरदात कुठली गं पानगळ? आपल्याकडे पानं गळतात शिशिरात, माघ-फाल्गुनात. फेब्रुवारीत टेकडीवर जाऊन बघ, नुसते खराटे उभे असतात. त्या चित्रातलं झाड विलायतेतलं आहे आणि शब्द आपला, त्यांची नुसती मोट बांधलीय." लेक म्हणाली मग आपल्याकडे शरदात गळतं तरी काय? आत्या म्हणाली, बघू की चार दिवस, वही घे. लेकीने खरंच वही घेतली आणि वर मथळा घातला, काय काय गळतंय.

पहिला दिवस, रविवार २२ सप्टेंबर

सकाळी पोहे, आणि मग आत्याचं फर्मान की बारा वाजता सगळ्यांनी गच्चीत यायचं. आज विषुवदिन, म्हणजे सूर्य बरोबर विषुववृत्तावर. सोबत काय, तर फरशी पुसायच्या मॉपचा दांडा, पट्टी, खडू आणि मोबाइल. दांडा मोजला, ९० सेंटिमीटर. तो नवऱ्याने कुंडीत उभा करून धरायचा, लेकीने दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकावर खडूने टिंब काढायचं. शेजारचे काका वाळत घातलेले कपडे काढायला आले होते, तेही थांबले.

मला वाटत होतं सावली बारा वाजता सगळ्यात छोटी होणार. नाही! आपलं घड्याळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश रेखांशावर लावलेलं, आणि पुणं त्याच्या पश्चिमेला पावणेनऊ अंशांच्या आसपास. एका अंशाला चार मिनिटं धरली तर आपला खरा मध्यान्ह पस्तीसेक मिनिटं उशिरा यायला हवा, पण या दिवसांत सूर्य घड्याळाच्या सातेक मिनिटं पुढे असतो म्हणून १२ वाजून २७ मिनिटांना. (आत्याने इथे गाडी मुंबईवर नेली. मुंबईने म्हणे १९५५ पर्यंत आपली स्वतःची वेगळी वेळ चालवली, देशाच्या घड्याळापेक्षा ३९ मिनिटं मागे. आणि आपण पुणेकरांना हट्टी म्हणतो.)

तर बाराच्या पुढे सत्तावीसला सावली मोजली, ३१ सेंटिमीटर. आत्याने फोनच्या कॅल्क्युलेटरवर ३१ भागिले ९०, त्याचा कोन काढला आणि म्हणाली १९ अंश. आज सूर्य विषुववृत्तावर आहे ना, म्हणून माथ्यापासून तो जितका कललेला दिसतो तितकाच आपला अक्षांश. मला एकदम अंगावर काटा आला, खरंच सांगते. मॉपच्या दांड्याने आपण पृथ्वीवर कुठे आहोत ते कळलं! मग आत्या शांतपणे म्हणाली, पुण्याचा अक्षांश साडेअठरा आहे, अर्धा अंश चुकलाय, आणि एक अंश म्हणजे १११ किलोमीटर, तेव्हा जावईबापूंनी दांडा वाकडा धरल्यामुळे आपली गच्ची सध्या मंचरला आहे.

झालं. तेव्हापासून घरात नवऱ्याचं नाव मंचर पडलंय.

पण मला सगळ्यात भारी वाटलं ते वेगळंच. लेकीची खडूची टिंबं जोडली तर सरळ रेघ आली. इतर दिवशी सावलीच्या टोकाचा मार्ग वाकडा येतो, फक्त विषुवदिनाच्या सुमाराला सरळ, पश्चिमेकडून पूर्वेकडे. म्हणजे कंपास नसला तरी दिशा मिळाल्या. आमची सोसायटी बांधणाऱ्याने ब्रोशरमध्ये पूर्वाभिमुख म्हणून छापलं होतं, ते किती पूर्वाभिमुख आहे ते त्या रेघेवरून कळलं. त्यावर मी काही बोलत नाही.

संध्याकाळी पर्वती. पायऱ्या १०३ असं सगळीकडे वाचायला मिळतं, आम्ही चौघांनी मोजल्या आणि चौघांचे आकडे वेगळे आले, कारण पहिल्या टप्प्यानंतर मोजायचं की धापा टाकायच्या यातलं एकच जमतं. आत्या सगळ्यांच्या आधी वर. वरून पश्चिमेला ढगांची एक फट होती आणि सूर्य तिथून खाली गेला, मोबाइलच्या कंपासवर काटा २७० च्या आसपास नाचत होता, म्हणजे अगदी शंभर टक्के पश्चिम. वर्षातून दोनदाच तो तिथे मावळतो, बाकी वर्षभर आपण उगाच पश्चिम पश्चिम म्हणतो.

देऊळ नानासाहेब पेशव्यांनी १७४९ मध्ये बांधलं, आणि पानिपतानंतर १७६१ मध्ये ते गेलेही इथेच, या टेकडीवर. आत्या म्हणाली की दसरा झाला की सैन्यं निघायची, पावसाळ्यात नद्यांना उतार नसायचा, वाटा चिखलाच्या, म्हणून सगळे घरी, आणि आश्विनात नद्या उतरल्या, जनावरांना चारा तयार झाला की सीमोल्लंघन. म्हणजे शरद हा मुळातच घराबाहेर पडायचा ऋतू. नवरा म्हणाला त्यांना वेटिंग लिस्ट नव्हती ना.

उतरताना अंधार पडला. "आत्ता परवापरवापर्यंत सात वाजता उजेड होता" असं मी म्हटलं, दर सप्टेंबरात म्हणते. आत्याने लेकीला सांगितलं, आज सूर्यास्त साडेसहाला झाला ते लिहून ठेव, आणि सकाळचा सूर्योदयही. लेकीने फोनमध्ये बघून लिहिलं, ६:२४ आणि ६:३१. आणि तिनेच पकडलं, अगं आई, हे तर बारा तास सात मिनिटं होतात! दिवस-रात्र सारखी कुठाय? तर गंमत अशी की सूर्य क्षितिजाखाली गेला तरी हवेत किरण वाकतात म्हणून आपल्याला तो अजून वर दिसतो, शिवाय सूर्योदय धरतात तो वरच्या कडेपासून आणि सूर्यास्तही वरच्याच कडेपर्यंत. या दोन्हीने मिळून सात मिनिटं जास्त मिळतात. खरा बारा तासांचा दिवस आपल्याकडे एका आठवड्याने येतो. शाळेत शिकलेलं असं एकेक पोकळ निघालं की मला उगाचच बरं वाटतं.

दुसरा दिवस, सोमवार २३ सप्टेंबर

पहाटे पावणेपाचला आत्याने उठवलं. सुट्टीत! गच्चीत गेलो, लेक पांघरूण गुंडाळून. पाऊस थांबला होता आणि आकाश असं धुतलेलं की पुण्यात एवढे तारे दिसतात यावर विश्वास बसेना. मृग नक्षत्र वर, त्याच्या खाली डावीकडे व्याध लखलखत होता, आणि आणखी खूप खाली, दक्षिणेला, समोरच्या बिल्डिंगच्या टाकीवर टेकल्यासारखा एक मोठा पांढरा तारा. "तो अगस्त्य," आत्या म्हणाली. व्याधाच्या खालोखाल आकाशातला सगळ्यात तेजस्वी तारा. पुण्यातून तो फार वर चढतच नाही, अगदी माथ्यावर म्हणावा तेव्हाही क्षितिजापासून एकोणीस अंश. दिल्लीकरांना तर जेमतेम दिसतो आणि लंडनच्या लोकांना कधीच नाही.

आपल्याकडे जुनी समजूत अशी की अगस्त्य उगवला की पाणी निवळतं. म्हणजे नद्यांचा गढूळपणा जातो. आयुर्वेदात शरदातल्या अशा पाण्याला हंसोदक म्हणतात, दिवसा उन्हाने तापलेलं आणि रात्री चांदण्याने निवलेलं. आता तारा पाणी कसा निवळेल, पण पाऊस ओसरण्याची आणि तो पहाटे दिसू लागण्याची वेळ एकच पडते, त्यामुळे खेडेगावात कॅलेंडर नसलं तरी वर बघून चालत असणार. मला वाटतं आपल्या पूर्वजांनी विज्ञान सांगून ठेवलंय छापाचे जे मेसेज येतात त्यापेक्षा हे साधं आहे आणि जास्त खरं आहे, लोक बघत होते आणि लक्षात ठेवत होते, बास.

त्या मेसेजवरून आठवलं, पितृपक्ष चालू असल्यामुळे आमच्या फॅमिली ग्रुपवर रोज एक फॉरवर्ड पडतोय की भाद्रपदात कावळ्यांची पिल्लं असतात म्हणून पूर्वजांनी त्यांना खाऊ घालायची प्रथा पाडली. आत्याने त्याखाली सरळ लिहिलं, कावळ्याची घरटी पावसाच्या आधी, एप्रिल ते जूनच्या सुमाराला, कोकीळ तेव्हा ओरडते ती उगाच नाही. त्यावर दोन तास ग्रुपवर सन्नाटा. मग एका काकांनी फक्त नमस्काराचा हात टाकला. (कावळ्यांबद्दल खरी भारी गोष्ट हवीच असेल तर ही घ्या: अमेरिकेत वॉशिंग्टन विद्यापीठात लोकांनी ठरावीक मुखवटे घालून कावळे पकडले आणि सोडून दिले, तर नंतर कितीतरी वर्षं तो मुखवटा दिसला की कावळे कोकलायचे, ज्यांना कधी पकडलं नव्हतं तेसुद्धा. आमच्या मजल्यावरच्या कावळ्याला वाडी कोण ठेवतं ते नक्की माहीत आहे याबद्दल मला आता शंका नाही.)

खाली उतरलो तर सोसायटीच्या गेटशी प्राजक्ताचा सडा. झाड आमच्याकडे आणि फुलं शेजारच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये, यावरून दरवर्षी दोन्ही कमिट्यांचं वाजतं, त्यांच्या गाड्यांना केशरी डाग पडतात म्हणे. सत्यभामा-रुक्मिणीपासून हेच चालू आहे. लेकीच्या वहीत पहिली नोंद: प्राजक्त, पहाटे, भरपूर.

मग वेताळ टेकडी. शहरातली सगळ्यात उंच टेकडी, साधारण ८०० मीटर. पावसाळ्यानंतर आठ-दहा दिवस ती जी काही दिसते ना, ते बघून घ्यावं, मग ऑक्टोबरच्या उन्हात सगळं गवत तांबूस होतं. सोनकी पिवळी, तेरडा गुलाबी, कोंबड्याचे पांढरट-गुलाबी तुरे. खाणीशी पाणी साठलेलं. आणि वर पठारावर चतुर. शेकडो! डोक्याच्या उंचीवर नुसते तरंगत होते, बसायचं नाव नाही. आम्ही लहानपणी यांच्या शेपटीला दोरा बांधायचो, आता सांगायला लाज वाटते.

यातल्या एका पिवळसर जातीची गोष्ट मला माहीत होती म्हणून माझी पण थोडी चलती झाली. चार्ल्स अँडरसन नावाचे एक सागरी जीवशास्त्रज्ञ मालदीवमध्ये राहायचे. त्यांना प्रश्न पडला की दर ऑक्टोबरात इथे हजारो चतुर येतात कुठून, कारण चतुराची अंडी-पिल्लं गोड्या पाण्यात, आणि मालदीवला तर साठलेलं गोडं पाणी नावालाच. नोंदी ठेवता ठेवता त्यांनी २००९ मध्ये मांडलं की हे भारतातून निघतात, परतीच्या वाऱ्याबरोबर समुद्रावरून पूर्व आफ्रिकेत जातात, तिथल्या पावसात अंडी घालतात, आणि पुढच्या पिढ्या मॉन्सूनबरोबर परत इकडे येतात. चार पिढ्यांचा मिळून फेरा १४ ते १८ हजार किलोमीटरचा. दोन इंचाचा प्राणी! तिकीट नाही, वेटिंग नाही (हे परत नवरा).

लेकीने विचारलं की मग हे आत्ता इथले आफ्रिकेला जाणार का. मला काय माहीत, पण तिने त्यांना टाटा केला.

उतरताना तिला झुडपात मोराचं पीस मिळालं, अर्धं, भिजलेलं. पावसाळा संपला की मोर पिसारा टाकतात, नाच संपला, ओझं कशाला. वहीत दुसरी नोंद. संध्याकाळी लॉ कॉलेज रोडला सहज चक्कर मारली तर बुचाची पहिली फुलं पडायला लागली होती. अजून तुरळक, खरा बहर पुढे. बुच म्हणजे या झाडाच्या सालीचा बाटलीच्या बुचासाठी वापर करायचे म्हणून. देठाची पिपाणी वाजवायची असते हे लेकीला माहीतच नव्हतं, मी वाजवून दाखवली, फुस्स झाली, आत्याची वाजली.

आणि हो, आज सकाळी रेडिओवर आश्विन १ ऐकून मी दचकले, कारण पंचांगात अजून भाद्रपद वद्य. ते आपलं राष्ट्रीय सौर कॅलेंडर. मेघनाद साहांच्या समितीने केलं, २२ मार्च १९५७ पासून लागू झालं, आणि त्याचा आश्विन दरवर्षी २३ सप्टेंबरलाच सुरू होतो. म्हणजे सरकारी हिशोबाने आश्विन आज सकाळीच सुरू झाला, आणि आम्ही पाचपासून जागे होतो.

तिसरा दिवस, मंगळवार २४ सप्टेंबर

आज सिमला.

हे आत्याच्या डोक्यातून निघालं. हिमाचल नाही तर नाही, सिमल्याला जायचंच. सकाळी कोथरूडहून पीएमपी पकडली आणि शिवाजीनगरला सिमला ऑफिसच्या स्टॉपवर उतरलो. मी या चौकातून वीस वर्षं जातेय आणि हे नाव का हे कधी विचारलं नाही, फार तर वाटायचं की सिमल्याच्या कुणाचं ऑफिस असेल. हवामान खातं १८७५ मध्ये सुरू झालं, तेव्हा मुख्यालय कलकत्त्याला, मग सिमल्याला, आणि १९२८ मध्ये ते सिमल्याहून इथे पुण्यात आलं. दगडी इमारत, उंच मनोरा. लोक म्हणायला लागले सिमल्याचं ऑफिस आलंय. पुढे १९४४ मध्ये मुख्यालय दिल्लीला गेलं तरी पुण्यातलं काम चालूच राहिलं आणि नाव तर काय, एकदा पुणेकरांच्या तोंडी बसलं की कोण काढणार.

आत जायला परवानगी लागते, ती आमच्याकडे नव्हती, त्यामुळे फुटपाथवरून मनोरा बघितला आणि चौघांचा फोटो काढून ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, सिमल्याला पोचलो, हवा छान. पाच मिनिटांत सतरा अंगठे. बेळगावच्या मावशींनी विचारलं, थंडी आहे का? आत्याने उत्तर दिलं, स्वेटर लागत नाही. खोटं काही बोललो नाही आम्ही.

तिथेच चहा पिताना आत्याने मॉन्सूनची परतीची वाट समजावली, टपरीच्या टेबलावर बशा मांडून. तो आधी राजस्थानच्या पश्चिम टोकातून निघतो, ठरलेली सरासरी तारीख १७ सप्टेंबर, मग हळूहळू खाली सरकत पुण्यातून जायला ऑक्टोबर उजाडतो. येताना केरळातून येतो, सगळ्यात शेवटी राजस्थान, जाताना आधी राजस्थान. म्हणजे राजस्थानच्या वाट्याला तो सगळ्यात कमी दिवस. "जो उशिरा येतो तोच लवकर उठतो," आत्या म्हणाली, "माझ्या वर्गात पण तेच व्हायचं." टपरीवाल्याने बशा परत मागितल्या.

तिथून चालत इंजिनिअरिंग कॉलेजपर्यंत. १८५४ चं कॉलेज, इथेच विश्वेश्वरय्या शिकले, आणि त्यांचे ते पाणी वाढलं की आपोआप उघडणारे दरवाजे पहिल्यांदा १९०३ मध्ये आपल्या खडकवासल्याला बसवले. सप्टेंबरात धरण भरलं, दरवाजे उघडले की आपण भिडे पुलावर पाणी बघायला जातो, तेव्हा हे कुणाच्या डोक्यात नसतं. माझ्याही नसतं.

मग रिक्षाने मंडई. फुले मंडई, १८८६ ची, पूर्वी तिला रे मार्केट म्हणायचे. गंमत म्हणजे ज्यांचं नाव आज तिला आहे त्या महात्मा फुल्यांचा नगरपालिकेत असताना या इमारतीच्या खर्चाला विरोध होता. पितृपक्षामुळे गवार, कारली, भोपळा, अळू सगळं चढलेलं, गवारीचा भाव ऐकून आत्याने पिशवी परत घडी केली. पण सीताफळं! सासवडकडची, डोळे उघडलेली, वास सुटलेला. दोन किलो घेतली. घ्यायची कशी तर आजच्यासाठी चार, उद्यासाठी चार, परवासाठी चार, भाजीवाल्या मावशी हातात धरून बरोबर सांगतात, हे कुठल्याही ॲपला जमणार नाही.

सीताफळ नाव सीतेचं, पण मूळ घर अमेरिका खंडातलं, पोर्तुगीजांच्या काळात इकडे आलं असं मानतात. तसंच पेरू, तशी मिरची, बटाटा. आणि फुलबाजारात दसऱ्यासाठी जो झेंडू भरायला लागेल तो मेक्सिकोचा. तिकडे नोव्हेंबरच्या सुरुवातीला मेलेल्या माणसांचे दिवस पाळतात, घरात त्यांच्यासाठी आवडीचं खाणं मांडतात आणि त्यांना वाट सापडावी म्हणून झेंडूच्या पाकळ्या टाकतात. मी हे सांगितल्यावर आत्या एकदम गप्प झाली. परवाच माझ्या आजोबांची, म्हणजे तिच्या वडिलांची तिथी होती, तिने माझ्याच ओट्यावर खीर-वडे केले होते आणि ताटात आठवणीने आल्याची वडी ठेवली होती, आजोबांना खोकला असायचा म्हणून. थोड्या वेळाने म्हणाली, तिकडं पण कावळे असतात का गं?

चौथा दिवस, बुधवार २५ सप्टेंबर

कुठेच गेलो नाही. सकाळपासून घामाच्या धारा, हवा हलत नव्हती, आणि दुपारी तीनला अंधारून आलं आणि जो काही धो धो सुरू झाला! परतीच्या पावसाचं हे असंच, जुलैसारखी दिवसभर पिरपिर नाही. जमीन ओली, वरून ऊन कडक, वाफ वर चढते, ढग उंच उंच होत जातो आणि दुपारनंतर फुटतो, विजांसकट. लेकीला विजेची भीती वाटते, तर आत्याने तिला मोजायला बसवलं. लख्ख दिसलं की एक, दोन, तीन, गडगडाट ऐकू येईपर्यंत, आणि तीनने भागायचं, तितके किलोमीटर लांब. पहिली बारावर, म्हणजे चार किलोमीटर. मग नऊ. मग सहा. मग एकदा एकवर आणि दिवे गेले. लेक ओरडली, पण घाबरून नाही, "आत्याआजी, तीनशे मीटर!" म्हणून.

मेणबत्तीच्या उजेडात पंचांग निघालं. हस्त नक्षत्र दोन दिवसांवर आलंय, त्यात पडतो तो हत्तीचा पाऊस. पंचांगात पावसाच्या प्रत्येक नक्षत्राला वाहन असतं, हत्ती, बेडूक, म्हैस असेल तर चिंब, आणि कोल्हा, मेंढा असलं की काही खरं नाही. ते सूर्य आणि चंद्राच्या नक्षत्रांमधलं अंतर मोजून नवाने भागून काढतात, बाकी उरेल ते वाहन. पावसाला हा हिशोब कुणी कळवलाय का असं नवऱ्याने विचारलं. आत्या म्हणाली, नाही, पण लहानपणी आम्ही बेडूक आलं की नाचायचो, आता तुमच्या रडारवर लाल ठिपका आला की कोण नाचतंय?

पाऊस सुरू होताना मी सरळ कडांचा स्टीलचा डबा गच्चीत ठेवला होता. हवामान खातं रोज सकाळी साडेआठला मोजतं, आदल्या साडेआठपासूनचा, म्हणून गुरुवारी सकाळी साडेआठला आम्हीही पट्टी घेऊन हजर. सहा सेंटिमीटरला दोन मिलिमीटर वर. एक मिलिमीटर म्हणजे दर चौरस मीटरला एक लिटर, आणि आमची गच्ची साधारण ४०० चौरस मीटर. लेकीने गुणाकार केला, २४,८०० लिटर. एप्रिल-मेमध्ये दहा हजार लिटरच्या टँकरला आम्ही पैसे मोजतो, असे जवळजवळ अडीच टँकर एका दुपारी पायपातून गटारात. हे मी पुढच्या सोसायटी मीटिंगमध्ये काढणार आहे. काढलं की काय होणार तेही मला माहीत आहे.

दुपारच्या गाडीने आत्या मिरजेला गेली. मफलर विसरून.

ता. क., रविवार २९ सप्टेंबर

संध्याकाळी लेक फोन घेऊन गॅलरीत उभी. आज सूर्योदय ६:२५, सूर्यास्त ६:२५. झाले बारा तास! तिने लगेच आत्याला फोन लावला. मग वही उघडून दोन्ही रविवार शेजारी शेजारी लिहिले आणि म्हणाली, आत्याआजी, सकाळ एकच मिनिट हलली, सहा मिनिटं गेली ती सगळी संध्याकाळची. पलीकडून आत्या म्हणाली, "मग लिही की ते. गळतंय त्यातच."

लिहिलं तिने. प्राजक्त, मोराचं पीस, बुच, पाऊस (६२ मिमी), संध्याकाळ (६ मिनिटं). आणि खाली वेगळ्या पेनने नवऱ्याने घातलंय, मफलर, १ नग. तो द्यायला दिवाळीत मिरजेला जायचंय. तिकीट काढलंय, वेटिंग तीन.